पिळाचे गणित : सर जोसेफ व्हिटवर्थ

१८५५ सालच्या मार्च महिन्यात मँचेस्टरच्या फॅलोफील्ड उपनगरातील एका बंगल्याच्या आवारात एक विचित्र इमारत उभी होती. लांबी पाचशे यार्ड, म्हणजे अर्ध्या किलोमीटरला जरा कमी. रुंदी मात्र अवघी सोळा फूट आणि उंची वीस फूट. दुरून पाहणाऱ्याला दोरखंड वळण्याचा कारखाना वाटावा. आत ना यंत्रे होती ना माल. एका टोकाला टेकूवर बसवलेली बंदूक, दुसऱ्या टोकाला निशाण आणि दोहोंच्या मध्ये ठरावीक अंतरांवर ताणून लावलेले झिरझिरीत कागदाचे पडदे, एवढाच सरंजाम. गोळी सुटली की एकेक पडदा भेदत जाई आणि पडद्यांवरची भोके मोजून तिचा संपूर्ण प्रवास मांडता येई. ती कुठे उचलली गेली, कुठे झुकली, कुठे डगमगली आणि कुठे चक्क आडवी झाली, हे सारे त्या कागदांवर उमटत असे. वाऱ्याची झुळूकही गोळीला लागू नये म्हणून हा छपराचा खटाटोप. आदल्या वर्षी बांधून होते न होते तोच वादळाने ही इमारत मोडून टाकली होती. ती पुन्हा उभारावी लागली. खर्च ब्रिटिश सरकारचा होता.

बंगल्याचा मालक मात्र ना सैनिक होता, ना शिकारी, ना बंदुका घडवणाऱ्या घराण्यातला. जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करणारा कारखानदार. वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत बंदुकीच्या धंद्याशी त्याचा संबंध आला नव्हता. पण बंदुकीच्या नळीला आतून पीळ किती द्यावा, हा प्रश्न एकदा हाती आल्यावर त्याने तो तडीस नेला. प्रश्नाचे उत्तर त्याला सापडले. ते उत्तर स्वीकारले जाण्यासाठी मात्र त्याला पुढची पंधरा वर्षे वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही ते त्याच्या नावाने स्वीकारले गेले नाही.

प्रश्न समजून घेण्यासाठी मुलांचा भोवरा आठवावा. जोरात फिरत असेल तोवर भोवरा ताठ उभा राहतो; वेग मंदावला की डुलू लागतो आणि शेवटी कलंडतो. लांबट गोळीचेही तसेच आहे. ती नुसती ढकलली तर हवेत कोलांट्या खाते. म्हणून नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्रासारख्या खाचा पाडतात. त्या खाचांत अडकून गोळी नळीतून बाहेर पडताना स्वतःभोवती फिरू लागते आणि टोक पुढे ठेवूनच प्रवास करते. किती इंच लांबीत त्या खाचा एक पूर्ण फेरा घेतात, यावरून पीळ मोजला जातो. फेऱ्याची लांबी जितकी कमी, तितका पीळ घट्ट. व्हिटवर्थच्या काळात हा आकडा प्रत्येक बंदूककार आपल्या अनुभवाने, आपल्या उस्तादाच्या शिकवणुकीने किंवा केवळ सवयीने ठरवीत असे. दोन नामांकित कारागिरांची उत्तरे जुळत नसत, आणि असेच का, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शाळामास्तर होते, पुढे धर्मोपदेशक झाले. जोसेफ दहा वर्षांचा असताना आई गेली आणि घर विस्कटले. लीड्सजवळच्या एका विद्यालयात जेमतेम शिक्षण झाल्यावर चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधील मामाच्या कापूस गिरणीत उमेदवारीला पाठवण्यात आले. धंदा शिकून गिरणीचा भागीदार व्हावे, ही घरच्यांची अपेक्षा. मुलाचे लक्ष मात्र सुतात नव्हते, सूत काढणाऱ्या यंत्रांत होते. ती यंत्रे किती ओबडधोबड आहेत, हे पाहून तो अस्वस्थ होई. चार वर्षांनी तो गिरणी सोडून मँचेस्टरला आला आणि साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये फ्रान्सिस अँकर्स हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि त्यानंतर लवकरच हे जोडपे लंडनला गेले.

त्या काळी लंडनमध्ये हेन्री मॉड्सली याचा कारखाना म्हणजे यंत्रकारांचे गुरुकुलच होते. व्हिटवर्थने तिथे काम केले, नंतर होल्टझाप्फेल यांच्याकडे, आणि मग जोसेफ क्लेमेंट याच्याकडे. चार्ल्स बॅबेजच्या सुप्रसिद्ध गणनयंत्राचे सुटे भाग तयार होत होते ते याच क्लेमेंटच्या कारखान्यात. ते यंत्र पुरे झाले नाही. पण त्या निमित्ताने अचूकतेचा जो ध्यास कारागिरांना लागला, त्याचा व्हिटवर्थ हा एक वारसदार. लंडनमधील याच वर्षांत त्याने संपूर्ण सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत पक्की केली. दोन पत्रे एकमेकांवर घासले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते बेमालूम जुळू शकतात. तीन पत्रे घेऊन प्रत्येकाची उरलेल्या दोघांशी जुळणी केली, आणि उंचवटे घासण्याऐवजी हाताने खरवडून काढले, तर मात्र तिन्ही सपाट झाल्याशिवाय गत्यंतर नाही. एवढ्या साध्या युक्तीवर पुढच्या शतकातील सारी यंत्रविद्या उभी राहिली, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि भाड्याच्या खोलीत स्वतःचा कारखाना थाटला. पुढची वीस वर्षे भरभराटीची. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या यंत्रांनी इतर साऱ्यांना मागे टाकले. तिथे त्याने मांडलेले एक मोजयंत्र इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवू शकत असे. पोलादी कांबीला बोटाचा स्पर्श झाला तरी उबेने ती किती लांबते, हे त्यावर दिसत असे.

पण व्हिटवर्थचे नाव घराघरांत, किंबहुना कारखान्या-कारखान्यांत पोहोचले ते स्क्रूच्या आट्यांमुळे. १८४१ पूर्वी इंग्लंडमधील प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसायचा नाही. व्हिटवर्थने देशभरातील कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांची सरासरी काढून एक सर्वसाधारण पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंशांचा; पाव इंची बोल्टला इंचामागे वीस आटे, अर्ध्या इंचीला बारा, एक इंचीला आठ. क्रिमियाच्या युद्धात नौदलाला तोफनौकांसाठी इंजिनांचे नव्वद संच तातडीने हवे होते. निरनिराळ्या कारखान्यांत त्यांचे भाग करून घेतले गेले आणि ते एकत्र जोडताच बसले, ते या आट्यांच्या बळावर. आपल्याकडे रेल्वे आली आणि मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा इंग्लंडहून आलेल्या यंत्रांबरोबर हा आटाही आला. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणणारे आपले फिटर चार सुताचा बोल्ट मागतात, तेव्हा त्यांच्या मनात असतो तो बहुधा व्हिटवर्थचाच अर्धा इंची बोल्ट. मेट्रिक मापे रूढ झाली तरी आयटीआयच्या फिटर विद्यार्थ्याला त्या ५५ अंशांची ओळख करून घ्यावीच लागते.

ही आट्यांची पद्धत का टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती सर्वोत्तम होती म्हणून नव्हे. ती सर्वांना थोडीथोडी मान्य होण्यासारखी होती म्हणून. बंदुकीच्या बाबतीत व्हिटवर्थने नेमका याच्या उलट मार्ग धरला.

१८५३ मध्ये ब्रिटिश सैन्याने एनफील्ड रायफल स्वीकारली होती. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, पीळ ७८ इंचांत एक फेरा. नळीची लांबी ३९ इंच असल्याने गोळीला बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा मिळे. रायफल जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा पुष्कळच सरस होती, पण ती हाताने बनत असे. त्यामुळे कुठलीही दोन नग सारखी नसत. अमेरिकेत यंत्रांवर बंदुका बनतात हे व्हिटवर्थने १८५३ च्या आपल्या दौऱ्यात पाहिले होते आणि त्यावरचा त्याचा अहवालही गाजला होता. तेव्हा एनफील्ड बनवण्याची यंत्रे त्यानेच करून द्यावीत, असा प्रस्ताव सरकारकडून आला. एवढे मोठे काम कोणत्याही कारखानदाराने डोळे मिटून घेतले असते. व्हिटवर्थने नकार दिला. नळी कशी असावी हेच जिथे कोणाला ठाऊक नाही, तिथे ती लाखोंनी बनवण्याची यंत्रे करण्यात अर्थ काय, अशी त्याची भूमिका होती. आधी प्रयोगांनी उत्तम नळी कोणती ते ठरवू, सरकारने प्रयोगांचा खर्च तेवढा करावा, आपल्या श्रमांचा मोबदला आपल्याला नको, असे त्याने कळवले.

सरसेनापती लॉर्ड हार्डिंज याला हे पटले. हाच हार्डिंज १८४४ ते १८४८ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्याने पाठबळ दिले नसते तर फॅलोफील्डची ती लांबलचक इमारत उभी राहिलीच नसती.

प्रयोगांना एक अट होती. गोळीचे वजन एनफील्डइतकेच, ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे तीन तोळे असावे आणि दारूही तितकीच, ७० ग्रेन भरावी. ही अट पाळायची तर एकच वाट उरत होती. नळी अरुंद केली की त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब, सडपातळ गोळी हवा सहज कापते आणि दूरवर वेग टिकवून ठेवते. पण गोळी जितकी लांब, तितकी कलंडण्याची तिची प्रवृत्ती जास्त, आणि तिला सावरायला पीळही तितकाच घट्ट हवा. व्यास, लांबी आणि पीळ ही तिन्ही एकाच गाठीत बांधलेली आहेत, एकाला हात लावला की उरलेली दोन हलतात, हे व्हिटवर्थने ओळखले. त्याने साठ इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीपासून सुरुवात केली. मग तीस, वीस, दहा, पाच, इतकेच काय, एका इंचात एक फेरा घेणारी नळीही त्याने करून पाहिली. एवढा पीळ कोणी वापरणार नव्हते. पण टोके कुठे आहेत हे कळल्याशिवाय मध्य सापडत नाही. पीळ सैल असला की पडद्यांवर आडवी भोके दिसत. पीळ वाजवीपेक्षा घट्ट केला की घर्षण आणि धक्का वाढे, पण नेमबाजीत काही भर पडत नसे.

साध्या खाचांमध्ये शिशाची गोळी घट्ट पिळाला दाद देत नाही, खाचा सोडून सरळ घसरत जाते, हीही अडचण होती. म्हणून त्याने खाचाच काढून टाकल्या आणि नळीचा छेद षट्कोनी केला. षट्कोनच सबंध नळीभर पिळत गेला. गोळीही तशीच पिळदार सहा बाजूंची. बहुकोनी नळीची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. प्रख्यात अभियंता ब्रुनेल याने त्याआधी बर्मिंगहॅमच्या एका बंदूककाराकडून अष्टकोनी नळी करवून घेतली होती. त्यावरून श्रेयाचा वादही झाला. पण पिळाचा आकडा मोजून काढण्याचे श्रेय निर्विवाद व्हिटवर्थचे. त्याने पक्की केलेली नळी ०.४५ इंचाची होती आणि तिचा पीळ वीस इंचांत एक फेरा. म्हणजे ३९ इंची नळीत जवळजवळ दोन पूर्ण फेरे, एनफील्डच्या चौपट.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथील लष्करी नेमबाजी शाळेत दोन्ही रायफलींची समोरासमोर परीक्षा झाली. पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटत होत्या. व्हिटवर्थच्या साडेचार इंच. अकराशे यार्डांवर एनफील्डची चूक आठ फुटांवर गेली, व्हिटवर्थची अडीच फुटांच्या आसपास राहिली. चौदाशे यार्डांवर एनफील्डने निशाणाला स्पर्शही केला नाही. व्हिटवर्थची रायफल तिथेही साडेचार फुटांच्या आत-बाहेर मारा करीत होती. एल्मच्या अर्धा इंची ३३ फळ्या तिची गोळी भेदून गेली, तर एनफील्डची बारा-तेरा फळ्यांत अडकली. वजन तेच, दारू तीच. फरक होता तो व्यासाचा, गोळीच्या लांबीचा आणि पिळाचा.

त्याच एप्रिल महिन्यात, ८ तारखेला, बराकपूरला मंगल पांडे फासावर गेला. एनफील्डच्या काडतुसांवरील चरबीने हिंदुस्थानात वणवा पेटत होता. तोंडाकडून भरायच्या पिळाच्या नळीत गोळी सहज सरकावी आणि दारूचा मळ साचून ती अडू नये, यासाठी ते वंगण लागत असे. हाइथच्या मैदानावर नळीच्या गुणांची चर्चा चालू असताना त्याच नळीची एक क्षुल्लक गरज साम्राज्याच्या मुळावर येऊ पाहत होती. एखाद्या शस्त्राचे मोल केवळ निशाणावरच्या इंचांनी ठरत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

व्हिटवर्थच्या रायफलीचेही नेमके तिथेच अडले. काही काळ तपासण्या आणि समित्या चालल्या. हार्डिंज १८५६ मध्येच वारला होता. त्याच्या तोलाचा पाठीराखा उरला नव्हता. १८५९ मध्ये समितीचा निर्णय आला की इतकी अरुंद नळी सैनिकी वापराला योग्य नाही. मळ लवकर साचतो, लढाईच्या धुमश्चक्रीत ती भरणे कठीण जाते, आणि किंमत तर एनफीडच्या कित्येक पट, असे आक्षेप होते. व्हिटवर्थला ही लष्करी बाबूंची आडमुठी वृत्ती वाटली, आणि त्याच्या बहुतेक चरित्रकारांनीही त्याचीच री ओढली आहे. पण नीट पाहिले तर आक्षेप पोकळ नव्हते. चिखलात उभा असलेला, हात थरथरणारा साधा शिपाई फॅलोफील्डच्या छपराखाली नव्हता. व्हिटवर्थने जो प्रश्न सोडवला तो नळीचा. लष्करापुढचा प्रश्न शिपायाचा होता. आट्यांच्या वेळी त्याने सगळ्यांच्या सवयी मोजून सरासरी काढली. इथे त्याने कोणाचीच सवय विचारात घेतली नाही. या हट्टात त्याची थोरवीही होती आणि त्याच्या अपयशाचे कारणही.

नेमबाजांनी मात्र ही रायफल डोक्यावर घेतली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय नेमबाजी संघटनेची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडायची होती. व्हिटवर्थने स्वतः लोखंडी टेकूवर रायफल रोखून ठेवली. राणीने रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. राणीच्या नेमबाजीचे कौतुक झाले ते दरबारी रिवाजाला धरून; अभियंत्यांनी ओळखायचे ते ओळखले. त्यानंतर काही वर्षे राणीच्या नावे असलेल्या पारितोषिकाची अंतिम फेरी व्हिटवर्थ रायफलींनीच खेळली गेली.

दुसरी प्रसिद्धी रक्तरंजित होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनी थोड्या व्हिटवर्थ रायफली चोरवाटेने मिळवल्या आणि निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. षट्कोनी गोळी हवेतून जाताना वेगळाच शीळ घातल्यासारखा आवाज करी आणि उत्तरेच्या तोफखान्यावरील लोक तो ओळखू लागले. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे उत्तरेचा सेनानी जॉन सेज्विक दूरवरून आलेल्या गोळीला बळी पडला. ती व्हिटवर्थचीच होती असे परंपरेने मानले जाते. काही इतिहासकार त्याबद्दल शंकाही घेतात. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद होऊन लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, व्हिटवर्थच्या शहरात मजुरांची उपासमार झाली, आणि इकडे मुंबईत कापसाच्या भावाने पैशांचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे शेअरबाजाराचे राजे कोसळले. गिरणीतून पळालेल्या मुलाच्या रायफलीचा आणि कापसाच्या या चक्राचा असा दूरचा मेळ आहे.

तोफांच्या क्षेत्रात विल्यम आर्मस्ट्राँगशी त्याची जी दीर्घ स्पर्धा चालली, ती वेगळ्या लेखाचा विषय ठरेल. इथे एवढेच की तिथेही षट्कोनी नळीची तोफ अचूक मारा करी आणि तिथेही लष्कराने ती घेतली नाही.

पण आकडे कोणाची वाट अडवून बसत नाहीत. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. मागून भरायची, धातूच्या काडतुसाची. तिच्या नळीचा व्यास ०.४५ इंच आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. षट्कोन गेला, त्याच्या जागी अलेक्झांडर हेन्रीच्या सात खाचा आल्या; पण व्यास तोच आणि पीळ जवळपास तोच. मागून भरण्याची सोय झाल्याने मळाचा आक्षेपही बराचसा निकालात निघाला होता. समितीने एकेकाळी अयोग्य ठरवलेली अरुंद नळी शेवटी साध्या शिपायाच्या हाती आली.

या आकड्याला गणिताचा आधार मिळाला तो आणखी आठ वर्षांनी. वूलिचच्या तोफखाना महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये एक सुटसुटीत सूत्र दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहायचे आणि त्या संख्येने १५० ला भागायचे. येईल तितक्या व्यासांच्या अंतरात एक फेरा हवा. व्हिटवर्थची गोळी व्यासाच्या तीन ते साडेतीन पट लांब होती. सूत्रात घातले तर उत्तर येते साडेबावीस ते सव्वाएकोणीस इंच. त्याने सूत्र नसताना, केवळ कागदाची भोके मोजून वीस हा आकडा काढला होता.

त्याच गाठीशी आजचे बंदूकधारीही झगडत असतात. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराची नवी हलकी रायफल चौदा इंचांत एक फेरा या पिळाने आली. कडाक्याच्या थंडीतील दाट हवेत तिची गोळी डगमगते असे दिसल्यावर १९६३ मध्ये पीळ बारावर आणला गेला. १९८० च्या दशकात लांब गोळ्या आल्या तेव्हा तो सातपर्यंत घट्ट करावा लागला. शेताची आणि कुरणांची नासधूस करणारे ग्राउंडहॉग किंवा प्रेअरी डॉग टिपण्यासाठी अमेरिकेत जी खास रायफल वापरतात, तिची नळी निवडतानाही वाद याच आकड्यांवर होतो. पॉइंट २२३ च्या नळीतून चाळीस ते पंचावन्न ग्रेनच्या आखूड, हलक्या गोळ्याच मारायच्या असतील तर बारा इंचांचा पीळ पुरतो. सत्तर ग्रेनच्या पुढची लांब गोळी दूरवर मारायची तर तो अपुरा पडतो. सातचा पीळ निवडला तर पातळ कवचाची हलकी, वेगवान गोळी अतिफिरकीने हवेतच फुटण्याची भीती. एकाच रायफलीने दोन्ही कामे व्हावीत असे ज्याला वाटते, तो बहुधा आठ किंवा नऊ इंचांवर येऊन थांबतो. व्यास ठरलेला असला की गोळीची लांबी पीळ ठरवते, हे फॅलोफील्डचे सूत्र तिथेही सुटत नाही.

बंदुकीनंतर व्हिटवर्थने पोलादाकडे मोर्चा वळवला. वितळलेले पोलाद थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि नळी तिथेच फुटते. पोलाद पातळ असतानाच प्रचंड दाब देऊन ते बुडबुडे काढण्याची पद्धत त्याने विकसित केली, आणि इंग्लंडचे नामवंत बंदूककार ते पोलाद अभिमानाने वापरू लागले. १८५७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला होता, १८६८ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याचा सन्मान केला, १८६९ मध्ये राणीने त्याला बॅरोनेट केले. १८६८ मध्येच त्याने वर्षाला तीन हजार पौंड बाजूला काढून शंभर-शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हातात हत्यार धरता येणारा आणि गणितही समजणारा तरुण त्याला हवा होता; स्वतःला शिक्षण अपुरे मिळाले याची टोचणी त्यामागे असावी. स्वभावाने तो तापट आणि एककल्ली होता. विरोधकाला मुद्दा पटवून देण्याचे कसब त्याच्यात नव्हते. आकडे समोर ठेवले की काम झाले, अशी त्याची समजूत. समितीपुढे त्याला त्याचा तोटाच झाला असणार.

पहिली पत्नी वारल्यावर १८७१ मध्ये त्याने मेरी लुईसा ऑरेल हिच्याशी विवाह केला आणि डर्बीशायरमधील डार्ली डेल येथील स्टँक्लिफ हॉलमध्ये बिऱ्हाड हलवले. ज्या परगण्यात मामाच्या गिरणीत उमेदवारी केली, त्याच परगण्यात तो आता जमीनदार म्हणून परतला होता. त्याने तिथे बिलियर्डचे टेबलही लोखंडाचे करवून घेतले. प्रकृती ढासळल्यावर तो हिवाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे घालवू लागला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे, वयाच्या ८४ व्या वर्षात, त्याचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. दफन डार्ली डेललाच झाले. अफाट संपत्तीचा मोठा भाग त्याच्या विश्वस्तांनी मँचेस्टरमधील कलादालन, उद्यान, रुग्णालय आणि शिक्षणसंस्था यांवर खर्च केला. शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात. त्याचा कारखाना १८९७ मध्ये आर्मस्ट्राँगच्या, म्हणजे आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्याच्या, कंपनीत विलीन झाला.

फॅलोफील्डचा बंगला त्याने हयातीतच भाड्याने दिला होता. तिथे राहायला आलेले भाडेकरू म्हणजे मँचेस्टर गार्डियनचे संपादक सी. पी. स्कॉट. जिथे एकेकाळी दिवसभर गोळ्यांचे आवाज घुमले, त्याच आवारातून ते पुढे कित्येक वर्षे सायकलवरून कचेरीला जात.